पोटासमोरची सही

काटा चारशे दहावर असताना लूप तुटला.

तुटताना होणारा आवाज मला पाठ होता. भोसरीच्या आमच्या शेडमध्ये मी सहा वर्षं तपासणीसाठी जॅकवर ताणून पट्टे तोडत आलो होतो, आणि काटा दीड हजार किलोच्या पुढे गेल्याशिवाय तो आवाज कधी आला नव्हता. यायचा तेव्हा सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा यायचा आणि सुगंधाबाई दर वेळी दचकून मला एक शिवी हासडायच्या. त्या दिवशी नुसतं फट् झालं आणि जॅकचा दांडा माझ्या हातात सैल पडला.

"काय झालं ओ?" पट्ट्यांना घट्ट टाके घालायच्या बारटॅक मशीनवरून मान वर न करता सुगंधाबाईंनी विचारलं.

"तुटला."

"येवढ्यात?"

"एवढ्यात."

मशीन थांबलं. सुगंधाबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि त्या उठून आल्या. रविवार होता, जानेवारी शहाण्णव. आमच्या भागात वीज गुरुवारी बंद असायची, म्हणून शेडला सुट्टी गुरुवारी. सगळ्या पुण्याचे डोंगरवाले रविवारी डोंगरात, आणि पंधराव्या वर्षापासून कड्यांना लटकणारा मी मात्र रविवारी शेडमध्ये पट्टे मोजत बसलेला. यावरून मित्र मला फार छळायचे.

आमची शेड प्रस्तरारोहणाचे हार्नेस बनवायची. कमरेचा एक रुंद पट्टा, दोन मांड्यांचे दोन, आणि या सगळ्यांना जोडणारा, पोटासमोर उभा राहणारा पट्टीचा जाड वेढा, तो लूप. कड्यावरून दोराने उतरताना माणूस त्या वितभर लूपला लटकतो. बाकी सगळं डौलाला म्हटलं तरी चालेल. मालक कुंटेसाहेब आधी ट्रकचा माल बांधायचे पट्टे करायचे. मी तेव्हा त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, आम्ही तुमचे ट्रकचे पट्टे कमरेला बांधून सुळके चढतो, जरा नीट काहीतरी शिवू या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर ठेवलं. मी तपासनीस, सुगंधाबाई शिवणार, आणखी दोघी कापणार. सहा वर्षांत आमच्या हार्नेसचं नाव झालं होतं.

नाव माझंही झालं होतं, आणि तिथेच घोळ होता. दिवाळीच्या सुमाराला अप्पा बळवंत चौकातून मी एक जाड काळं मार्कर आणलं. धुतलं तरी न जाणारं. तपासून झालेल्या प्रत्येक हार्नेसच्या लूपवर मी त्या मार्करने सही करायला लागलो. के. भोंडवे. खाली एक रेघ. आत शिवलेलं लेबल घामाने दोन महिन्यांत पुसून जायचं, शिवाय ते दिसतं कुणाला? लूप कसा समोर असतो, बांधताना नजर पडतेच. लोक दुकानात जाऊन "भोंडवेची सही असलेला द्या" म्हणू लागले. मला खोटं बोलायचं नाही, ते ऐकून मी दोन दिवस तरंगत होतो.

आता तो लूप जॅकवर दोन तुकड्यांत पडला होता. बक्कल घासतं म्हणून दुरुस्तीला परत आलेला तो हार्नेस होता, आणि परत आलेला पट्टा तोडून बघायचा ही माझीच शिस्त. तुकडे उचलून मी खिडकीपाशी नेले. धागे 'के' आणि 'भों'च्या बरोबर मधून गेले होते. कडेचे धागे ओढून बघितले तर चिवट, आणि शाईखालचे नखाने तुटत होते.

"सुगंधाबाई, त्याच रिळातला बिनसहीचा एक लूप द्या."

तो सोळाशे वीसला तुटला, बॉम्बसारखा. मग विक्रीला तयार ठेवलेल्यांतले सहीवाले दोन घेतले. एक पाचशे वीसला गेला. दुसरा तीनशे ऐंशीला. साठ-सत्तर किलोचा माणूस नुसता लटकला तर तेवढं चालतं. पण उतरताना पाय निसटून हिसका बसला की तेच वजन तीनशे-चारशेवर जातं, आणि पाय कधी निसटेल ते कुणी सांगावं.

दर लॉटमधले दोन नग आम्ही तोडायचो. त्यात कधी चुकलो नाही. पण तोडायचा नग विकायचा नसतो, म्हणून त्याच्यावर मी सही करत नव्हतो. म्हणजे सही केलेला एकही पट्टा आम्ही कधी तोडून बघितलेला नव्हता.

कुंटेसाहेब नऊला आले. टेबलावरचे तुकडे बघून त्यांनी टोपी काढली.

"पट्टीचा लॉट खराब आला असेल."

"लॉट तोच, साहेब. हा बिनसहीचा, सोळाशे वीस."

"मग?"

"शाई."

"भोंडवे, शाईनं पट्टी तुटते होय? वेड लागलंय का?"

"तीन तुटल्यात. चौथी तुमच्यासमोर तोडतो."

चौथी त्यांच्यासमोर चारशे साठला तुटली. साहेब स्टुलावर बसले.

"किती गेलेत बाहेर?"

"रजिस्टरला चाळीस आहेत."

त्यांनी एक तुकडा उचलून नखाने खरवडून बघितला. मग म्हणाले, "असं करू. उद्या सगळ्यांना कार्डं टाकू. बक्कल बदलून देतोय, हार्नेस पाठवून द्या. फुकट. पंधरा दिवसांत येतील सगळे परत. शाईचं नाव काढायचं कारण नाही."

"आणि पंधरा दिवस ते लोक काय करतील?"

"आत्तापर्यंत कुणाला काही झालंय का?"

"साहेब, पाच हार्नेस आज खिरवंडीच्या सुळक्यावर आहेत. कुंदा सोनटक्केचा ग्रुप. काल संध्याकाळच्या एसटीनं गेलेत."

"आजच?"

"रविवार आहे."

कुंदा म्हणजे माझी नऊ वर्षांची दोरावरची जोडीदार. बँकेत कॅशियर, बोलायला फटकळ, चढायला माझ्यापेक्षा सरस. दोराच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला मी, असे आम्ही साठ-पासष्ट सुळके केले होते. पाच हार्नेस तिने माझ्याकडूनच नेले होते. त्या वेळी मोबाइल नव्हते आणि खिरवंडीत फोनही नव्हता.

"मी निघतो," मी म्हणालो. "बाकीच्यांना तुम्ही फोन करा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना तार. आणि बक्कल नाही म्हणायचं. लूपवर शाई लावली, लूप तुटतो, वापरू नका. एवढंच."

"आणि उद्यापासून आपला माल कोण घेईल? सहा वर्षं घातलीत आपण यात."

"सही माझी आहे. मी सांगणार."

"नोकरी सोडून सांगणार का?"

"ते तुम्ही म्हणाल तसं. पण आधी सांगणार."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला भीती वाटत होती, पण हटायचं नाही हे पक्कं झालं होतं. तेवढ्यात सुगंधाबाई मशीनकडे परत जाता जाता म्हणाल्या, "बावीस वर्षं शिवतेय मी. आधी तंबू, मग ट्रकचे पट्टे, आता ही. कदी कुठं नाव घातलं न्हाय बगा."

त्यांनी ते कुचकेपणाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

कोपऱ्यात माझी पाठपिशवी नेहमीसारखी भरलेलीच उभी होती. ती राजदूतच्या मागे बांधली. किक मारताना साहेब दारात आले.

"रजिस्टर कुठाय?"

"वरच्या खणात."

ते आत वळले.

नारायणगाव ओलांडेपर्यंत मी हिशेब करत होतो, तासांचा. चढताना दोर लूपला बांधत नाहीत. कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांना जी दोन घरं शिवलेली असतात त्यांतून ओवून गाठ मारतात. चढणाऱ्याला खालून दोर सोडणारे बरेचजण आपल्या लूपवरून सोडतात, पण कुंदा जुन्या वळणाची, तिच्या ग्रुपमध्ये दोर खडकात ठोकलेल्या खिळ्यावरून सोडायचा. म्हणजे वर पोचेपर्यंत त्यांना धोका नव्हता. धोका उतरताना. सुळक्यावरून पायी उतरायला वाट नसते. दोर सोडायचा, लूपला कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, लावायची आणि कड्याकडे पाठ करून सगळं वजन मागे झोकून द्यायचं. सकाळी सातला चढायला लागले असतील तर दोनच्या सुमाराला माथ्यावर, अर्धा तास फोटो आणि लाडू, की लगेच खाली. मला अडीचच्या आत पोचायचं होतं. जुन्नरच्या पुढे रस्त्याचं खडीकरण चाललं होतं. राजदूत दोनदा घसरली, एकदा मी खाली आलो, गुडघा फुटला. उठलो आणि पुन्हा किक मारली.

खिरवंडीत गाडी टाकून मी पळत सुटलो. सुळक्याखालच्या माळावर एक बाई शेण्या गोळा करत होती.

"मावशी, वर गेलेली पोरं?"

"त्ये पोचलं की कवाच. मगाशीच आरूळी दिली त्येंनी वरनं." तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "आन् तुमी रं काय येवडं वाघ मागं लागल्यावानी?"

पायथ्याशी त्यांच्या पाच पिशव्या ओळीने ठेवलेल्या होत्या. वर माथ्यावर मुंगीएवढी माणसं हलत होती. मी शिट्टी काढली. तीन लांब शिट्ट्या म्हणजे आहात तिथेच थांबा, ही आमची खूण. तीन वाजवल्या, पुन्हा तीन. घाटाकडून वारा भणाणत होता, माझी शिट्टी माझ्याच कानात राहिली. हात हलवले. कुणी खाली बघितलं नाही.

आणि तेवढ्यात माथ्यावरून दोर पडला. निळा दोर, हवेत उलगडत खाली आला आणि मधल्या टप्प्यावर लोंबू लागला. ते उतरायला निघाले होते.

पहिला टप्पा साठ फुटांचा. तिथे त्यांनी एक दोर बांधून ठेवलेला होता, परतीसाठी. साठ फुटांवर एक खांदा, उभं राहण्याइतकी सपाटी, आहे, तिथून वाऱ्याची आड होते आणि आवाज वर जातो, हे मला माहीत होतं कारण कुंदा आणि मी तो सुळका आधी चढलो होतो. पिशवी उपसली, हार्नेस चढवला, बांधलेल्या दोराला प्रुसिकची गाठ मारली. ही गाठ वर सरकते आणि वजन पडलं की दोराला घट्ट आवळून धरते. ती गाठ माझ्याकडे अडकवली आणि निघालो. एरवी तो टप्पा मी वीस मिनिटं तरी घेतो. त्या दिवशी किती घेतली माहीत नाही, पण खांद्यावर पोचलो तेव्हा तोंडात रक्ताची चव होती.

वर बघितलं. माथ्याच्या कडेवर दिघे उभा होता. कुंदाच्या ग्रुपमधला सगळ्यात वजनदार गडी, पंच्याऐंशी किलो. दोराकडे तोंड, दरीकडे पाठ. गुडघे वाकवून तो मागे रेलायच्या बेतात होता.

"दिघे! थांब! मागे झुकू नको!"

तो तसाच थांबला. त्याच्या बाजूने कुंदाचं डोकं डोकावलं.

"केशा? तू कुठून उपटलास रे?"

"कुंदा, लूपवर वजन टाकू नका! कुणीच! लूप तुटतो!"

"कुणाचा?"

"सगळ्यांचे! सही केलेले सगळे!"

पाचही डोकी आता कडेवरून खाली बघत होती.

"का?" कुंदाने विचारलं.

हे एक वाक्य मी राजदूतवर बसल्या बसल्या शंभर वेळा जुळवलं होतं, जरा माझी बाजू सावरून. ते सगळं विसरलो.

"मी सही केली त्या शाईनं पट्टी मेली! चूक माझी आहे! आज सकाळी चार तोडले, चारशेला तुटले!"

दिघे सावकाश, दोन्ही हातांनी खडक धरून, कडेपासून आत सरकला.

"बरं," कुंदा ओरडली. घाबरलेली वाटली नाही, कॅश मोजताना वाटते तशीच वाटली. "मग उतरायचं कसं ते बोल!"

"सुटी टेप आहे? पट्टीची?"

"आहे!"

"दोर बांधता त्या दोन घरांतून टेप दुहेरी ओवा, गाठ मारा! कॅराबिनर टेपला! लूपला हात लावायचा नाही!"

"एकेकाची गाठ मी बघते! तू तिथंच थांब!"

पुढचा दीड तास मी त्या खांद्यावर उभा होतो. एकेकजण खाली आला की मी त्याची टेप हाताने ओढून बघायचो, गाठ बघायचो, मगच पुढच्या टप्प्याला सोडायचो. दिघे आला तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याच्या पोटासमोर माझी सही होती, झोकदार, खाली रेघ. मला ती बघवेना. मी त्याची गाठ तपासली आणि त्याला पाठवलं.

कुंदा सगळ्यात शेवटी आली. तिलाही पुढे घातलं आणि मग मी उतरलो. पायथ्याला टेकलो तेव्हा साडेचार झाले होते. पाच हार्नेस काढून माझ्या पिशवीजवळ ढीग करून ठेवलेले होते. शेण्यांवाली मावशी लांब उभी राहून तमाशा बघत होती.

"शिव्या द्यायच्या तर दे," मी कुंदाला म्हणालो.

"देणारच आहे." ती दगडावर बसली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबले. "तुझ्या शाईबद्दल नाही देत. ते कुणालाच माहीत नव्हतं. केशा, तुला आठवतं, आधी ट्रकचे पट्टे बांधायचो तेव्हा आपण काय करायचो?"

"काय?"

"बांधायच्या आधी इंच न् इंच हातानं चाचपायचो. तू माझा, मी तुझा. घाण पट्टे, पण रोज बघायचो. आणि आज सकाळी मी माझा हार्नेस बघितला नाही. या चौघांचाही बघितला नाही. सही होती ना. भोंडवेची सही आहे म्हटल्यावर कशाला बघायचं? दिवाळीपासून मी एकदाही हात लावून बघितलेलं नाही." ती माझ्याकडे वळली. "मला माझाच राग आलाय. आणि तुझाही."

मी एकेक हार्नेस उचलून पिशवीत कोंबत राहिलो.

"किती उरले?"

"चाळीस होते. हे पाच. एक दुरुस्तीला आलेला तुटला. विक्रीला तयार होते ते शेडमध्येच आहेत. उरले चौतीस. साहेब फोन करतायत. नाही केले तर उद्या मी करीन, नोकरी असो नसो."

"आणि हा?"

तिने बोट दाखवलं. मला आधी कळलं नाही कशाकडे. मग मी मान खाली घातली.

माझ्या पोटासमोर, लूपवर, के. भोंडवे. खाली रेघ. मार्कर आणलं त्या दिवशी शाई उठते का ते बघायला पहिली सही मी माझ्याच हार्नेसवर केली होती. तो विकला नव्हता, म्हणून रजिस्टरात नव्हता. सकाळपासून मी चाळीस, चाळीस करत होतो, आणि त्यात मी नव्हतो. प्रुसिकची गाठ मी त्याच लूपला अडकवली होती. साठ फूट चढलो होतो त्यावर. वर पाचजणांना लूपवर वजन टाकू नका म्हणून बोंबलून झाल्यावर, त्याच लूपला लटकून, मजेत पाय टाकत, खाली उतरलो होतो.

मी मटकन खाली बसलो. कुंदा माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली. दिघेने पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"वर आमचं सगळ्यांचं बघत होतास. तुझं कोण बघत होतं रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तेव्हा रजिस्टर उघडंच होतं. चौतीसपैकी एकोणतीस नावांपुढे कुंटेसाहेबांनी बरोबरच्या खुणा केल्या होत्या, पाचांपुढे 'तार केली' लिहिलं होतं. साहेबांचा घसा बसलेला होता. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण दुपारी नाशिकहून पहिला फोन आला आणि समोरचा म्हणाला, "भोंडवे, शाईनं पट्टी खराब होते हे ऐकून आम्ही आमचे दोरही बघितले हो. मधोमध खूण करायला आम्हीही मार्करच मारत होतो." तेव्हा मला कळलं.

मी माझा हार्नेस जॅकला लावला. दांडा मारायला हात उठेना, तो सुगंधाबाईंनी मारला. काटा दोनशे चाळीसवर असताना फट् झालं.

"तुमचं वजन किती ओ?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"बासष्ट."

त्यांनी ते दोन तुकडे उचलले, मोठा दाभण घेतला आणि माझ्या टेबलासमोरच्या लाकडी फळीवर ताणलेल्या जाड कापडाला शिवून टाकले. अजून तिथेच आहेत.

याला आता सत्तावीस वर्षं झाली. कुंटेसाहेब गेले, शेड आता मी चालवतो. सुगंधाबाईंच्या मशीनवर त्यांची सून बसते. मी अजून चढतो, गुडघे कुरकुरतात तरी. आमच्याकडे कुणीही स्वतः तपासलेला नग स्वतः पाठवत नाही, तो दुसऱ्याच्या टेबलावर जातो, मी तपासलेलाही. आणि प्रत्येक हार्नेसच्या कमरेला आतल्या बाजूला, लूपपासून चांगलं लांब, लाल धाग्याने एक ओळ शिवलेली असते: 'बांधण्याआधी जोडीदाराकडून हात लावून तपासून घ्या.'

खाली कुणाचंही नाव नाही.